वैशाखातली बुरशी

पावसाळ्यात बुरशी आली तर कोकणातला माणूस तिच्याकडे वळूनही बघत नाही. चपलांवर येते, कमरेच्या पट्ट्यावर येते, देवाच्या पोथीवरसुद्धा येते. चार महिने राहते आणि दसऱ्याच्या उन्हात निघून जाते. पण शहाऐंशी सालच्या भर वैशाखात, बाहेर जांभा दगड तव्यासारखा तापलेला असताना, परशुरामतात्यांच्या झोपायच्या खोलीत भिंतीवर हिरवट-काळे ठिपके उमटले. तात्यांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले. मग मनाशी म्हणाले, हे आपोआप झालेलं नाही. हे कुणीतरी केलेलं आहे.

‘कुणीतरी’ हा शब्द आपला उगीच. तात्यांच्या जगात वाईट करणारा माणूस एकच होता आणि तो भिंतीपलीकडे राहत होता.

श्रीपती हा तात्यांचा सख्खा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. मांडवीच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आजोबांची जागा होती. ती दोघांत वाटली गेली तेव्हा हद्द नेमकी तात्यांच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला घासून गेली. म्हणजे भिंत तात्यांची, आणि भिंतीबाहेर पाऊल टाकलं की श्रीपतीचं परसू. पहिल्याच पावसात तात्यांच्या कौलांची पागोळी श्रीपतीच्या मिरच्यांवर पडली, मिरच्या कुजल्या, आणि तिथून जे सुरू झालं ते कोर्टात जाऊन थांबलं. निकाल लागला की तात्यांनी छपराला पन्हळ लावावी आणि त्यांच्या घराचं पाणी श्रीपतीच्या जागेत पडू देऊ नये. तात्यांनी पन्हळ लावली आणि त्याच दिवसापासून श्रीपतीशी बोलणं बंद केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. अगदीच काही कळवायची वेळ आली तर तात्या रजिस्टर पोस्टाने कळवत. पाकीट टपाल कचेरीत जाऊन दीड दिवसाने बारा पावलांवरच्या घरात पोचे. सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, ही त्यांची श्रद्धा.

त्यांच्या पत्नीला, उमाकाकूंना दमा होता. आंब्याला मोहोर आला की काकूंची छाती वाजू लागे ती थेट आंबे अढीत पडेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, खोली बंद ठेवा, धूळ आणि मोहोराची पूड आत येऊ देऊ नका. खोली बंद केली तर उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. काकूंचा धाकटा भाऊ मुंबईत एका कंपनीत होता. तिथे साहेबांच्या केबिनी नव्या झाल्या आणि जुनी थंड हवेची यंत्रं निघाली. त्यातलं एक त्याने बहिणीसाठी ट्रकने धाडून दिलं. खिडकीत बसवतात तसलं, ट्रंकेएवढं धूड. अख्ख्या आळीत पहिलं एअर कंडिशन! लोक बघायला येत आणि त्याच्यापुढे हात धरून उभे राहत.

ते बसवायचं कुठे? पूर्वेला ओटी, दक्षिणेला स्वैपाकघर, उत्तरेला देवघर. उरली पश्चिमेची भिंत. मेहुण्याने सोबत पत्र पाठवलं होतं आणि त्यात चार सूचना होत्या. तात्यांनी भागोजी गवंड्याला त्यातल्या तीन वाचून दाखवल्या.

भागोजीने चाळीस वर्षं जांभ्याचा चिरा घडवला होता. त्याने भिंतीतले चिरे काढले, लाकडी चौकट बसवली, यंत्राची मागची बाजू वाकून वाकून बघितली आणि म्हणाला, “तात्या, ह्यातनं पानी येतंय म्हनं. हितं भोक हाय बगा. त्याची वाट कुटं काडू?”

“ते भोक डांबराने बुजव.”

“मंग पानी?”

“माझ्या घरातलं पाणी माझ्या घरात राहील. यंत्र मागे नको झुकायला, आतल्या अंगाला झुकव. बोटभर. बाहेर थेंब पडला तर उद्या तो गृहस्थ मला कोर्टात उभा करील.”

भागोजीने डोकं खाजवलं. पण मालक सांगेल तसं बसवायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याने यंत्र आतल्या अंगाला झुकवलं, फटी चुन्याने लिंपल्या आणि विडी ओढायला बसला.

पहिले चार दिवस यंत्राच्या पुढच्या कोपऱ्यातून पाणी टपकलं. तात्यांनी खाली पातेलं ठेवलं होतं. पाचव्या दिवशी पातेलं कोरडं राहिलं. यंत्र रुळलं, असं तात्यांनी काकूंना सांगितलं. काकूंची कॉट त्याच भिंतीला लावलेली होती, उशी यंत्राच्या अगदी खाली. गार झोत अंगावर येई आणि त्या डोळे मिटून म्हणत, “भावाने पुण्य केलंन हो.” तात्यांना ते ऐकून फार बरं वाटे. त्यांचं बायकोवर प्रेम होतं; फक्त ते बोलून दाखवायचा फॉर्म त्यांना कधी सापडला नव्हता.

यंत्र बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्यांनी कोठीच्या खिडकीच्या फटीतून एक दृश्य पाहिलं. त्यांच्या भिंतीशी, यंत्राच्या बरोबर खाली, श्रीपती कुदळीने खणत होता. त्याची बायको हेमा शेजारी उभी होती आणि तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. श्रीपतीने एक-दोनदा मान वर करून यंत्राकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून फडक्यातलं ते काहीतरी खड्ड्यात ठेवलं, माती लोटली आणि वर सुक्या पानांचा पातेरा पसरून टाकला.

तात्यांनी कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ‘पुरावा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तात्या स्वतःला सुधारलेले समजत. करणी, देवदेवस्की असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण श्रीपतीवर त्याहून कमी होता.

पुढे महिन्याभरात भिंतीवर ठिपके उमटले. आधी यंत्राच्या चौकटीखाली, मग उशीच्या मागे, मग शेजारच्या कपाटापर्यंत. खोलीला कुबट वास येऊ लागला. एके दिवशी तात्यांनी कपाट उघडलं तर काकूंच्या लग्नातल्या शालूच्या घडीवर पांढरी लव होती. खालच्या फळीवर कोर्टाचे कागद होते. त्यातली निकालाची प्रत त्यांनी उचलली तेव्हा ती ओलसर लागली आणि न्यायाधीशांच्या सहीवर हिरवी बुरशी चढली होती. एवढ्या कपाटात बुरशीला नेमका निकालच बरा सापडला!

“मुद्दाम,” ते म्हणाले.

“बुरशी मुद्दाम येत्ये का कुठे?” काकू म्हणाल्या आणि खोकल्या. आताशा त्या बोलल्या की खोकत. मोहोर कधीच गळून गेला होता, आंबे अढीत पडले होते. दरवर्षी या दिवसांत त्यांना उतार पडे, यंदा उलटं झालं होतं. पहाटे धाप लागे, दुपारी छातीत सूं सूं वाजे, गालांची हाडं वर आली होती. तात्या यंत्र आणखी एक आकडा वाढवत आणि दाराखालची फट गोणपाटाने बुजवत.

मग हेमा तांब्या घेऊन येऊ लागली.

तात्यांनी वहीत जशी नोंद केली तशीच देतो. “सायंकाळी पाच चाळीस. श्रीपतीची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या भिंतीपाशी आली. इकडेतिकडे पाहिले. यंत्राखालच्या जागी पाणी ओतले. पुन्हा जाऊन दुसरा तांब्या आणला. एकूण दोन.” दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्या दिवशी तीन. अशी अकरा दिवसांची नोंद झाली. तात्यांना आता कसलीच शंका उरली नव्हती. जांभा म्हणजे पाणी पिणारा दगड. रोज त्याच्या मुळाशी पाणी घालायचं, भिंत भिजवायची, आतल्या दमेकरी बाईचा श्वास कोंडायचा, आणि बाहेरून दिसायला काही नाही! आणि पाण्याआधी जे पुरलं ते काय होतं, ते देव जाणे. अकरा वर्षं सूड पोसणारा माणूस यापेक्षा वेगळं काय करणार?

त्यांनी वही काकूंना वाचून दाखवली. काकू उशीला टेकून ऐकत होत्या.

“पण पाणी मुळाशी घातलं तर ओल खालून वर चढेल ना हो?” त्या दम खात म्हणाल्या. “ही वरून खाली आल्ये. मी रोज बघत्ये निजल्या निजल्या. खाली जमिनीजवळ भिंत कोरडी आहे.”

“तुला त्यातलं काही कळत नाही.”

“मला एवढंच कळतं की हेमाच्या मनात तसलं काही नसणार. माझ्या बाळंतपणात तिने माझं न्हाणंमाखणं केलंन.”

“तेव्हा कोर्ट झालं नव्हतं,” तात्या म्हणाले आणि वही मिटली.

दोन दिवसांनी दुपारी काकूंना असा अटॅक आला की ओठ निळे पडले. तात्यांनी रिक्षा आणली, काकूंना जवळजवळ उचलूनच डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन दिलं, तासाभराने श्वास जाग्यावर आला. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “खोलीत कुठे ओल आहे का? बुरशी?”

तात्या इंजेक्शनचे पैसे मोजू लागले.

“असेल तर यांना तिथे झोपवू नका. मोहोरापेक्षा ते वाईट. असाच आणखी एक अटॅक आला तर माझ्यापर्यंत पोचायला वेळ मिळेल असं मी सांगत नाही.”

परत येताना काकू रिक्षात तात्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. तात्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीचा त्यांनी तिथल्या तिथे राग करून टाकला. उमा मेली तर ती श्रीपतीने मारली असं होईल. पुरावा पाहिजे. जे पुरलंय ते हातात पाहिजे.

काकू त्या दिवसापासून ओटीवर सतरंजी टाकून पडू लागल्या, पण तिथे रस्त्याची धूळ. तात्यांनी दोन वेळा त्यांना पुन्हा खोलीत नेऊन यंत्राखाली निजवलं.

मंगळवारी अंगारकी संकष्टी होती. श्रीपती आणि हेमा सकाळच्या एस.टी.ने गणपतीपुळ्याला गेली. तात्यांनी ती वेळही वहीत टिपली. दुपारी आळी सुस्त पडल्यावर ते हातात खुरपं घेऊन हद्दीचा दगडी गडगा ओलांडून गेले. साठीचा माणूस, धोतर खोचलेलं. अकरा वर्षांनी ते त्या परसात पाय ठेवत होते. लहानपणी दोघं याच जागेत विटीदांडू खेळत, ते त्यांना नको असताना आठवलं.

यंत्राखाली बसून त्यांनी पातेरा बाजूला केला. माती ओली होती. हेच ते! खुरप्याने ते हलके हलके उकरू लागले. लिंबू निघेल, टाचण्या टोचलेली बाहुली निघेल, उमाच्या केसांचा गुंता निघेल, काहीही निघेल अशी मनाची तयारी होती. खुरपं कशाला तरी लागलं. त्यांनी बोटांनी माती सारली आणि ते वर काढलं.

काळपट, केसाळ, मुठीएवढं. एका अंगाला पांढरा कोंब फुटलेला.

अळकुडी होती. शेजारी आणखी एक, मग आणखी एक. अशा सात, ओळीने, वीत-वीत अंतरावर नीट लावलेल्या. अळूचे कांदे.

अळू लावायचा तो मोरीच्या पाण्यावर, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्या घरामागे अळू दिसेल तिथे मोरीचं पाणी पडतं हे न विचारता कळतं. विहिरीचं पाणी ओढून, कोरड्या जांभ्यात कुणी अळू लावत नाही. मग इथे, यंत्राखाली, ओळ धरून सात कांदे कुणी का लावावेत?

त्यांनी मान वर केली. यंत्राची मागची बाजू डोक्यावर होती. डांबराचं बूच तसंच होतं. त्याखाली भिंत खडखडीत, पाण्याचा एक ओघळ नाही, कोळ्याने निवांत जाळं विणलेलं. यंत्र घरघरत होतं. दोन महिने ते दिवसभर घरघरत होतं आणि मुंबईच्या पत्रात तर लिहिलं होतं की दमट हवेत दिवसाला बादलीभर पाणी निघेल. ती बादली बाहेर आली नव्हती. पातेल्यात पडली नव्हती. तात्यांना उमाचं बोलणं आठवलं: ही वरून खाली आल्ये.

“तात्या.”

अकरा वर्षांत त्या आवाजात त्यांनी आपलं नाव ऐकलं नव्हतं. दुपारचीच गाडी पकडून परतलेला श्रीपती कपाळावर शेंदूर आणि हातात नारळाची पिशवी घेऊन उभा होता. मागे हेमा. तात्यांच्या एका हातात खुरपं होतं, दुसऱ्यात अळकुडी. चोरी कबूल करायला कागदाची गरज नव्हती.

श्रीपती चिडला नाही. चिडला असता तर तात्यांना सोपं गेलं असतं.

“एअर कंडिशन आलं म्हटल्यावर पाणी आमच्यात येणार हे उघडच होतं,” तो म्हणाला. “हेमा म्हणाली, वहिनींच्या औषधाचं पाणी ते, येऊ दे. वाया कशाला घालवायचं, अळू लावू. लावला. वाट बघितली. पाणी येईचना. कांदे सुकायला लागले म्हणून ही तांब्याने घालत्ये. पाणी का येत नाही, कुठे मुरतंय का, हे तुला विचारावं असं रोज वाटत होतं. पण कसं विचारू? रजिस्टर पोस्टाने?”

तात्यांनी अळकुडी परत खड्ड्यात ठेवली, उरलेल्या सहाही ठेवल्या, हाताने माती लोटली आणि गडगा चढून घरी आले. उतरताना धोतर फाटलं, तेही त्यांना कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी आधी यंत्र बंद केलं. मग फाइलीतून मेहुण्याचं पत्र काढलं आणि ओटीवर काकूंच्या शेजारी बसून ते पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. चौथी सूचना आली तेव्हाही ते थांबले नाहीत. “यंत्र बाहेरच्या अंगाला किंचित उतरते बसवावे व मागील भोक मोकळे ठेवावे. अन्यथा पाणी भिंतीत मुरेल, बुरशी धरेल, आणि ताईला ते मोहोरापेक्षा घातक.”

“हे पत्र केव्हाचं?” काकूंनी विचारलं.

“यंत्राबरोबर आलेलं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

तात्यांनी होकाराची मान हलवली. मुरेल असं वाटलं नव्हतं, आत कुठेतरी उडून जाईल असं वाटलं होतं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण ते वहीत टिपण्यासारखंसुद्धा नव्हतं.

रागावल्या असत्या तर त्यांना धाप लागली असती, म्हणून असेल, काकू अगदी सावकाश बोलल्या. “त्यांच्या परसात एक थेंब जाऊ नये म्हणून सगळं पाणी माझ्या उशाशी साठवलंत.”

तात्या त्यावर रडले. धोतराचं फाटकं टोक तोंडाशी धरून, आवाज न करता. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही.

तिन्हीसांजेला, ओटीवरचं वाचन कानांवर गेलं असावं, गडग्यापलीकडून हेमाने हाक मारली, “उमावहिनी, आमच्या पडवीत धूळही नाही नि ओलही नाही. तुमची भिंत वाळेपर्यंत या हो इकडे.” काकूंनी दोन लुगडी, औषधाच्या बाटल्या आणि उशी घेतली. उशी हुंगून बघितली आणि ती तिथेच ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी भागोजीने यंत्र उचललं, डांबर खरवडलं, झुकाव उलटा केला. बंद खोलीत ते तासभर चालवून पाहिलं तेव्हा पाण्याचा पहिला थेंब श्रीपतीच्या परसात पडला. श्रीपती खाली उभा राहून म्हणाला, “आला.” बस्स, तेवढंच. मग भागोजीने आतला सगळा गिलावा पाडला. मागचे चिरे काळेभोर भिजलेले होते. श्रीपतीने पोफळींच्या बुरशीवर फवारायचं मोरचूद उरलं होतं ते आणून दिलं, आणि तात्यांनी ते चुन्यात कालवून स्वतःच्या हाताने भिंतीला लावलं. भागोजीने तळहात चिऱ्यावर ठेवून बघितला.

“वाळायला किती दिवस?” तात्यांनी विचारलं.

“जांभा पानी पितो तवा पितो पटापटा, तात्या. सोडायला लई टायम घेतो.”

चार दिवसांनी सकाळी तात्यांना पलीकडचा खोकला ऐकू आला नाही. जुन्या सवयीने त्यांच्या मनात आधी भलतंच आलं आणि ते चहाचा कप तसाच टाकून गडग्याशी धावले. काकू पडवीच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या आणि हेमाशी काहीतरी बोलून हसत होत्या. एका दमात, मध्ये न थांबता. असं हसू त्यांनी मोहोर धरल्यापासून ऐकलं नव्हतं. भिंतीशी अळूचं पहिलं पान सुरळीतून सुटत होतं.

“बरी आहेस?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे.”

“मग... कधी येत्येस?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीकडे. “भिंत वाळली की.”

तात्या मान हलवून घरी आले आणि चिऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. चिरा अजून गार होता. समुद्राकडून ढग वर येऊ लागले होते, मृग आठ दिवसांवर आला होता. कोकणात एकदा पाऊस लागला की भिंत वाळते ती दिवाळीला. हे त्यांना ठाऊक होतं, आणि काकूंनाही ठाऊक होतं.